उष्टा विडा

पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी खिशातून किल्ली काढली आणि भिंतीचा पोपडा खरवडायला सुरुवात केली. पोपडा सहजासहजी निघेना. तेव्हा त्यांनी छत्री काखेत मारली, दोन्ही हातांनी जोर लावला, आणि तळहाताएवढा तुकडा सुटताच तो आधी कपाळाला लावून मग रुमालात बांधला. त्यांचं पाहून आणखी दोघे पुढे सरसावले. एका बाईंनी तर खाली पडलेला भुगा पदराच्या टोकात गाठ मारून घेतला.

"ह्याच वास्तूत," उद्धवराव पत्र्याच्या कर्ण्यातून ओरडत होते, "बरोबर शंभर वर्षांपूर्वी दाजीबुवांनी पहिला श्वास घेतला! ह्याच भिंतींनी त्यांचा पहिला षड्ज ऐकला!"

इंदुताई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांच्या मागे मारुतराव डोक्यावरचं मुंडासं मागे सारून हा प्रकार पाहत होता. थोड्या वेळाने तो जवळ सरकला.

"आक्का, आवं ही भित माझ्या गोठ्याची हाय."

"माहीत आहे मला."

"बुवांचं जल्माचं घर तर पलेगाच्या सालीच पडलं न्हवं? ही म्या बांधलीया. परवाच शेणानं सारवली. म्हशीनं आंग घासून घासून पोपडं निघाल्यात तिचं."

"गप्प राहा, मारुतराव."

"न्हाई, पर त्यांनी कपाळाला लावलं की वो!"

"लावू दे. शेण पवित्रच असतं."

एरवी इंदुताई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. चिंचवड गावात त्यांच्या जिभेचा धाक होता. पण आज त्यांनी जीभ दाताखाली धरली होती, आणि ती तशी धरावी लागते याचीच त्यांना सकाळपासून शिसारी येत होती. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते काही खोटं नाही. दाजीबुवा चिंचवडकर जिवंत होते तेव्हा याच पुण्याच्या रसिकांनी त्यांच्या बंदिशी उचलल्या, नाटकांतून गायल्या, आणि म्हातारपणी दम्याने बेजार झाल्यावर कोणी चिंचवड स्टेशनला उतरून त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. आता शताब्दी आली म्हणून समिती झाली होती. समितीने ही स्मृतिफेरी काढली होती. सकाळच्या गाडीने पन्नासएक माणसं आली होती आणि दाजीबुवांच्या आयुष्यातली एकेक जागा चालत चालत बघत होती. सगळ्यांच्या पुढे बुवांची एकुलती एक मुलगी चालली पाहिजे, असा समितीचे चिटणीस उद्धवराव यांचा आग्रह होता.

इंदुताई चालत होत्या त्या वडिलांसाठी नव्हे. त्यांची नात इंद्रायणी चौदा वर्षांची होती. आईवेगळी पोर आजीजवळ वाढली होती आणि आजीला जेवढं गाणं येत होतं तेवढं सगळं तिने घेऊन टाकलं होतं. आता भांडं रिकामं झालं होतं. दाजीबुवांची खरी विद्या पुढे ज्याच्याकडे गेली असा एकच माणूस उरला होता, त्यांचा शिष्य यशवंतराव. रेडिओवर गाणारे, जरीची पगडी घालणारे यशवंतबुवा. ते आज इंद्रायणीला शिष्या करून घेणार होते. फेरीच्या शेवटी, बुवांच्या राहत्या घरात, जिथे आता इंदुताई राहत होत्या, सर्वांच्या देखत. मग ती पुण्याला त्यांच्या घरी राहायला जाणार होती. हे सगळं उद्धवरावांनी जुळवलं होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनाशी म्हणत इंदुताईंनी उन्हातून पाय उचलला.

पुढचा मुक्काम बरकतच्या दुकानाशी होता. बरकत स्टो आणि कंदील दुरुस्त करायचा. त्याच्या माडीवर कधीकाळी एक खांसाहेब उतरले होते आणि दाजीबुवा त्यांच्याकडे शिकले होते. गल्लीच्या तोंडाशी खाटकाचं दुकान होतं, गटार तुंबलं होतं, वर रॉकेलचा वास. बायकांनी नाकाला पदर लावले. उद्धवराव एका खोक्यावर चढले.

"मंडळी, काळ लक्षात घ्या! बुवा जातीने ब्राह्मण. आणि खांसाहेबांनी आपल्या मुखातला उष्टा विडा काढून त्यांच्यापुढे धरला. गुरूचं उष्टं म्हणजे गुरूची विद्या! बुवांनी क्षणाचाही विचार न करता तो विडा खाल्ला. गावाने वाळीत टाकलं. पंगतीतून उठवलं. पण बुवा डगमगले नाहीत!"

टाळ्या पडल्या. टाळ्यांचा आवाज ऐकून बरकत दुकानातून बाहेर आला. त्याच्या हातात पितळी परात होती आणि परातीत पाण्याने भरलेले पेले.

"घ्या साहेब. उन्हातनं आलात. माठातलं थंडगार हाय."

टाळ्या वाजवणारे हात खाली आले. पोपडा घेणारे गृहस्थ म्हणाले, आत्ताच घरून पिऊन निघालो. पुण्यात प्यायलेलं पाणी चिंचवडच्या उन्हात त्यांना अजून कसं पुरत होतं, असं कोणी त्यांना विचारलं नाही. एक बाई म्हणाल्या, माझा आज उपास आहे. उद्धवराव घड्याळ पाहू लागले. परात तशीच पुढे धरलेली राहिली.

यशवंतरावांनी मात्र एक पेला उचलून घटाघटा संपवला, दुसरा उचलला, तोही संपवला. गाणाऱ्यांच्यात हा एक गुण असतो आणि तो त्यांच्यातही होता. इंदुताईंनीही एक पेला घेतला. पाणी खरंच गार होतं.

"आणि मंडळी," उद्धवराव पुन्हा कर्णा तोंडाला लावून म्हणाले, "तीच परंपरा आज तुमच्या डोळ्यांसमोर पुढे जाणार आहे! खांसाहेबांनी बुवांना, बुवांनी यशवंतबुवांना, आणि आज यशवंतबुवा आपल्या मुखीचा विडा बुवांच्या पणतीला, आपलं, नातीच्या..." त्यांचा जरा गोंधळ झाला. "बुवांच्या लेकीच्या नातीला देणार आहेत!"

इंदुताईंच्या हातातला पेला परातीत जोराने आपटला.

त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. शिष्यत्वाचा गंडा बांधतील, नारळ देतील, पोर पाया पडेल, एवढंच त्यांनी धरलं होतं. त्यांनी यशवंतरावांकडे पाहिलं. ते कंबरेच्या डबीतून पान काढून त्यावर चुना लावत होते. साठी उलटलेला माणूस, खालचे पुढचे दोन दात गेलेले, ओठांच्या कडांना कात सुकलेला. इंदुताईंनी तोंड फिरवलं.

त्याला जुनं कारण होतं. अकरा वर्षांच्या असताना त्यांच्यापुढेही असाच विडा आला होता. गुरुपौर्णिमा होती. दाजीबुवांनी तोंडातला विडा बोटांनी काढून अर्धा यशवंताच्या तोंडात घातला आणि उरलेला अर्धा लेकीच्या ओठांपाशी नेला. त्या तोंडाची इंदूला पुरेपूर ओळख होती. बुवांच्या हिरड्यांतून पू यायचा आणि त्यांची पिकदाणी रोज सकाळी राखेने घासायचं काम तिच्याकडे होतं. तिने ओठ मिटून घेतले. बुवांनी बोटांनी जरा दाब दिला, तशी तिने मान फिरवली आणि रस तिच्या गालावरून परकरावर सांडला. बुवा एवढंच म्हणाले, हिला गाणं नको. बुवा हट्टी माणूस. मरेपर्यंत तिला एक स्वर दिला नाही. जे काही तिच्याकडे आलं ते स्वयंपाकघराच्या दाराआड भाकऱ्या थापताना कानावर पडलेलं. पण आपण तोंड मिटलं, याचा इंदुताईंना जन्मभर अभिमान वाटत आला होता. बाकी काही नसेल, निदान ते तोंड आपलं होतं.

फेरी नदीवर आली. मोरयाच्या देवळामागे पवनेच्या घाटावर सगळे सावली शोधून बसले. उद्धवरावांनी सांगितलं की बुवा पौषातल्या पहाटे गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहून खर्ज लावत. इंदुताईंचे वडील पौषात चार चार दिवस अंघोळीला टाळाटाळ करायचे आणि गोधडीतून पाय बाहेर न काढता खर्ज लावायचे, पण तेही त्या बोलल्या नाहीत. पायऱ्यांवर कोणीतरी लाल पिंक टाकली होती. दुसरा एक जण तिच्या शेजारीच केळी सोलून खात होता.

मग यशवंतराव उभे राहिले. भाषण त्यांना चांगलं जमायचं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "मी चाकणचा एका माळ्याचा पोर. माझ्या गळ्यात काय होतं? काही नव्हतं. पण दाजीबुवांच्या मुखातला तो विडा माझ्या मुखात पडला, आणि माझा कंठ उघडला. त्या विड्याचा रस आजही माझ्या गळ्यात आहे, मंडळी. मी गात नाही. तो रस गातो."

पुढच्या पायरीवरच्या बाईंनी डोळे पुसले. पोपडावाले गृहस्थ वाहवा म्हणाले.

मंडळी घाट चढू लागली तशी यशवंतरावांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि ते मागे पडले. इंदुताई त्यांच्यासाठी थांबल्या.

"यशवंतराव, माझं एक ऐका. विड्याचं राहू द्या. नुसता गंडा बांधा."

"का गं इंदू?" लहानपणापासून ते त्यांना इंदूच म्हणत आले होते. "जाहीर झालंय आता. लोक तेवढ्यासाठी तर आलेत. तो पेपरवाला फोटो काढणार आहे."

"पोर लहान आहे. तिला ओकारी आली तर?"

"तुला आली होती तशी?" ते हसले. मग खांद्यावरचं उपरणं सारखं करून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. जवळ कोणी नव्हतं. "इंदू, तुझ्या मनातून ते अजून गेलं नाही होय? अगं, मी तरी कुठं खाल्ला होता?"

इंदुताईंना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"गालात धरला. बुवांच्या पाया पडलो, डोळ्यांत पाणी आणलं, आणि मागच्या दारी जाऊन केळीच्या बुडाशी थुंकलो. वर तीन तांबे पाणी घेऊन चुळा भरल्या. अगं, त्यांच्या तोंडाचा वास काय मला येत नव्हता?"

"आणि आत्ता तिथं जे बोललात ते?"

"ते लोकांसाठी. लोकांना काहीतरी द्यावं लागतं." त्यांनी पुढची पायरी चढायला इंदुताईंच्या खांद्याचा आधार घेतला. "बुवांनीही खांसाहेबांचा खाल्ला असेल असं मला वाटत नाही. नाहीतर पुढं प्रायश्चित्त घेऊन जातीत परत आले नसते. तुला तेवढं सुचलं नाही बघ. तोंड उघडायचं होतंस. पुढं काय करायचं ते आपल्या हातात असतं. तुझा गळा माझ्यापेक्षा चांगला होता, खोटं कशाला बोलू. आज पोरीला सांगून ठेव म्हणजे झालं. मी लहानसाच तुकडा देईन."

ते हे अगदी मायेने सांगत होते, हेच सगळ्यांत वाईट होतं. खांद्यावरचा तो हात झटकून टाकावा आणि तसंच सरळ घरी जाऊन कडी लावून घ्यावी, असं इंदुताईंना वाटलं. एवढा जन्म चुलीपाशी गेला तो कशापायी? जो थुंकला त्याला सगळं मिळालं, आणि थुंकायची लाज वाटली म्हणून जिने तोंडात घेतलंच नाही ती बाहेर राहिली. त्यांना यशवंतरावांची किळस आली, वडिलांची आली, पण पायरी चढेपर्यंत त्यांनी खांदा काढून घेतला नाही.

घरी ओसरीत सतरंजी अंथरली होती. मधोमध पाट, पाटावर बुवांची पिकदाणी, तिला शेवंतीचा हार. उद्धवरावांनी ती कालच माळ्यावरून काढून चिंचेने लखलखीत करून घेतली होती. येणारा प्रत्येक जण तिला नमस्कार करत होता आणि एका सवाष्णीने तिच्यावर हळदकुंकूही वाहिलं. इंदुताई तिच्याकडे न पाहता आत गेल्या.

स्वयंपाकघरात इंद्रायणी नवं परकर-पोलकं घालून वेणीत गजरा माळत होती. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.

"इंदे, इकडं ये. नीट ऐक. यशवंतबुवा तुला विडा देतील. त्यांच्या तोंडातला."

"तोंडातला?"

"हो. तशी रीत आहे." इंदुताईंनी तिचा गजरा उगीचच सारखा केला. "तोंड उघड. गालात धर. गिळू नकोस. पाया पड आणि मागं मोरीपाशी ये. मी तांब्या घेऊन उभी राहते. तिथं थुंकून टाक."

पोरीने आजीकडे रोखून पाहिलं. आजीने आजवर तिला एक स्वर जरी कणभर उतरला तरी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं होतं.

"लोकांना काय वाटेल?"

"लोकांना खाल्लास असंच वाटेल."

"तुला पण दिला होता का गं, तुझ्या वडिलांनी?"

"दिला होता."

"मग तू काय केलंस?"

"मी तोंड मिटलं."

"मग?"

"मग काय? ह्याच चुलीपाशी बसून ऐकलं जन्मभर." बाहेरून कर्ण्याचा आवाज आला. "जा आता. सांगितलं तसं कर."

इंद्रायणी बाहेर गेली. इंदुताईंनी तांब्या भरला आणि परसात मोरीच्या कट्ट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. इथून काही दिसत नव्हतं. उद्धवरावांचा आवाज ऐकू येत होता, मग तोही थांबला. आत्ता ते तोंडातून काढत असतील. आत्ता पोर वाकली असेल. इंदुताईंना स्वतःच्या ओठांवर ती बोटं आल्यासारखी वाटली आणि त्यांनी दात आवळले. मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

तांब्या धरून त्या वाट पाहू लागल्या. पोर येईना. गर्दीतून वाट काढायला वेळ लागत असेल. गालात फार वेळ राहिला तर रस घशात उतरेल, असं वाटून त्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. तेवढ्यात ओसरीतून तंबोरा जुळवल्याचा आवाज आला. कोणीतरी म्हणालं, होऊ दे बाळ, पणजोबांची बंदिश होऊ दे. आणि इंद्रायणीने षड्ज लावला.

दुपारची वेळ होती, तिने सारंग घेतला. आवाज मोकळा होता, शब्द एकेक सुटा. गालात काही धरून कोणालाही असा आकार लावता आला नसता. इंदुताईंना ते पहिल्या स्वरालाच कळलं. त्यांनी शिकवलेल्या जागा येऊन गेल्या, आणि मग अंतऱ्यात यशवंतरावांनी हळूच एक जागा दाखवली. दाराआडून इतक्या वर्षांत त्यांना ती कधीच नीट पकडता आली नव्हती. पोरीने ती एकदा चुकवली, दुसऱ्यांदा अलगद उचलली. गाणं चांगलं होतं. फार चांगलं होतं. इंदुताईंचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्यांना राग आला.

बऱ्याच वेळाने इंद्रायणी परसात आली. तोंडावर घाम, गळ्यात हार, ओठ लालचुटूक.

"आजी, पाणी दे. घसा सुकला."

"थुंकली नाहीस?"

"नाही."

"गिळलास?"

"हो."

"मी काय सांगितलं होतं?"

इंद्रायणी बोटाने हारातली एक पाकळी कुरतडत राहिली. "अगं, ते सगळे बघत होते. आणि बुवांनी तो माझ्या तोंडात घातला तेव्हा त्यांनी डोळा मिचकावला. मला ते आवडलं नाही. म्हणून मी गिळला."

"किळस नाही आली?"

"आली ना. पोटात कसंतरीच झालं." ती जराशी हसली. "पण मला गाणं पाहिजे, आजी. मग ते असं चोरून कशाला घ्यायचं?"

आतून तिला हाक आली. फोटो काढायचा होता. पाणी न पिताच ती पळाली.

इंदुताई तांब्या घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. मग मोरीच्या कट्ट्यावर वाकून त्यांनी स्वतःच तोंडभर पाणी घेतलं, खळखळून चूळ भरली आणि थुंकली. थुंकलेलं पाणी अगदी स्वच्छ होतं. त्यांनी पुन्हा एक चूळ भरली.